विणकरांचं नाटक

बाथ हे इंग्लंडमधलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. श्रीमंत मंडळी तिथं प्रकृतीसाठी आणि त्याहून जास्त मिरवण्यासाठी जमत. १८१० च्या फेब्रुवारीत तिथल्या थिएटर रॉयलमध्ये ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ लागलं. रोमिओ होता रॉबर्ट कोट्स नावाचा एक हौशी नट. अँटिग्वा बेटावरच्या उसाच्या मळेवाल्याचा हा मुलगा. गुलामांच्या घामावर उभी राहिलेली संपत्ती हाती होती, अंगावर हिरे होते आणि आपण महान नट आहोत याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. चकाकत्या टिकल्यांचा आकाशी रेशमी झगा, लाल विजार आणि भला मोठा टोप अशा थाटात तो रंगमंचावर आला. विजार इतकी तंग होती की ती मागून उसवली आणि प्रेक्षागृहात हास्याचा स्फोट झाला.

त्याच काळातल्या कॅप्टन ग्रोनोच्या आठवणींत या रोमिओच्या मरणाचं वर्णन आहे. मरायची वेळ आली तेव्हा कोट्सनं खिशातून रेशमी रुमाल काढला, जमीन नीट झाडली, टोपी उशीसारखी ठेवली आणि मगच तो आडवा झाला. लोकांनी ‘पुन्हा मर’ असा गिल्ला केला. तो उठला आणि पहिल्यापासून सगळं करून पुन्हा मेला. मराठी प्रेक्षकांना पदाला वन्समोअर मिळतो हे ठाऊक आहे. इथं मरणाला मिळाला. तिसऱ्यांदा मरायची त्याची तयारी दिसली तेव्हा थडग्यातली ज्युलिएटच उठून बसली आणि तिनंच तो प्रवेश संपवला.

पुढं तो लंडनच्या हेमार्केट थिएटरातही उतरला, आणि त्याला बघायला नव्हे तर त्याच्यावर हसायला गर्दी लोटू लागली. ‘रोमिओ कोट्स’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पण कोट्सची गोष्ट ही एका माणसाच्या आत्मप्रेमाची गोष्ट आहे. त्याच्याकडं पैसा होता, हव्या त्या थिएटरात उभं राहायची सोय होती, आणि टवाळी सहन करूनही त्याचं पोट रिकामं राहणार नव्हतं. फसलेल्या हौशी नाटकाचा खरा इतिहास त्याच्याभोवती फिरत नाही. तो दिवसभर हातानं काम करून रात्री नाटक बसवणाऱ्या माणसांचा इतिहास आहे. आणि त्यात विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: नाटक फसतं तेव्हा हसतं कोण?

या इतिहासाचं पहिलं मोठं पात्र आहे एक विणकर.

शेक्सपिअरनं १५९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अथेन्सचे सहा कारागीर राजाच्या लग्नासाठी नाटक बसवतात. पीटर क्विन्स सुतार हा त्यांचा दिग्दर्शक. निक बॉटम विणकर. बाकीच्यांत एक जोडारी, एक भाते दुरुस्त करणारा, एक कल्हईवाला आणि एक शिंपी. नाटक पिरॅमस आणि थिस्बी यांच्या प्रेमाचं. ओव्हिडची ही कथा आर्थर गोल्डिंगच्या १५६७ च्या इंग्रजी भाषांतरातून तिथल्या वाचकांना परिचयाची झाली होती. भिंतीच्या फटीतून बोलणारे प्रेमी, सिंहाची भीती, गैरसमज, दोघांची आत्महत्या. म्हणजे निव्वळ शोकांतिका.

कारागिरांच्या तालमी ज्यानं पाहिल्या त्याला हौशी नाटकाचं सगळं शास्त्र कळतं. बॉटमला नायकही व्हायचंय, नायिकाही आणि सिंहही. सिंहाचं काम मिळालेला जोडारी संवाद लिहून मागतो, कारण त्याचं पाठांतर कच्चं. क्विन्स त्याला सांगतो की तुला फक्त गुरगुरायचंय. प्रयोगाच्या रात्री चांदणं असेल का हे पाहायला पंचांग उघडलं जातं, आणि चांदणं आहे म्हटल्यावरही एक माणूस कंदील घेऊन चंद्र म्हणून उभा करायचं ठरतं. भिंत म्हणून दुसरा माणूस. आणि सगळ्यांत मोठी काळजी ही की सिंह पाहून बायका घाबरतील, मग आपल्याला फाशी होईल. तेव्हा सिंहानं आधीच सांगून टाकायचं की मी खरा सिंह नाही.

ही काळजी अगदीच पोरकट नव्हती. १५९४ च्या ऑगस्टमध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या राजपुत्राचा नामकरणविधी झाला. त्या मेजवानीत एक रथ सिंहाकडून ओढवायचा बेत होता. जवळच्या लोकांना भीती वाटेल म्हणून तो रद्द झाला आणि सिंहाच्या जागी माणूस जुंपला गेला. शेक्सपिअरच्या अभ्यासकांनी हा धागा फार पूर्वीच पकडला आहे.

त्याहून महत्त्वाचा धागा मात्र कारागिरांचा आहे. सुतारानं, विणकरानं नाटक करणं ही शेक्सपिअरची कल्पना नव्हती. इंग्लंडच्या गावांत ती दोनशे वर्षांची रीत होती. यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री अशा शहरांत धंदेवाल्यांचे संघ बायबलमधले प्रसंग चाकांच्या मंचांवर रस्त्यात उभे करत. यॉर्कच्या नोंदी १३७६ पर्यंत मागं जातात. कामाची वाटणी धंद्याला शोभेल अशीही असे: नोहाची नौका जहाज बांधणाऱ्यांकडं, येशूचं शेवटचं भोजन भटारखानेवाल्यांकडं, आणि येशूला क्रुसावर ठोकण्याचा प्रसंग खिळे-टाचण्या बनवणाऱ्यांकडं. कॉव्हेंट्रीच्या संघांचे जमाखर्च टिकून आहेत. नरकाच्या तोंडाशी आग पेटती ठेवणाऱ्याला मजुरी, जगाला आग लावणाऱ्याला मजुरी. लोहारांच्या वहीत १५७३ साली फॉस्टन नावाच्या गड्याला ज्यूडासला फाशी देण्याचे चार पेन्स आणि कोंबड्यासारखं आरवण्याचे चार पेन्स दिल्याची नोंद आहे. एकच माणूस दोन्ही करत होता. छोट्या मंडळात काम केलेल्या कुणालाही ही वही आपल्याच खजिनदारानं लिहिल्यासारखी वाटेल.

धर्मसुधारणेनंतर सरकार आणि चर्च या दोघांनाही हे खेळ नकोसे झाले. यॉर्कचा खेळ १५६९ नंतर थांबला, कॉव्हेंट्रीचा १५७९ नंतर. तेव्हा शेक्सपिअर पंधरा वर्षांचा होता आणि कॉव्हेंट्री त्याच्या गावापासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे बॉटम विणकर लिहिला गेला तेव्हा खऱ्या विणकरांच्या हातून मंच निघून गेला होता आणि लंडनमध्ये पैसे घेऊन नाटक करणाऱ्या धंदेवाईक मंडळींचा जम बसला होता. त्या मंडळींपैकीच एकानं जुन्या हौशींवर हे नाटक रचलं.

आणि ते पाहताना हसतात कोण? राजा थीसिअस, त्याची नवी राणी, दोन नवी जोडपी. नाटक चालू असताना हे दरबारी शेरे मारत राहतात. मधेच बॉटम भूमिका सोडून थेट राजाला समजावून सांगतो की महाराज, भिंत आता काही बोलणार नाही, आता थिस्बी येईल, बघाच. त्या क्षणी शेक्सपिअरचं मन कुणाकडं आहे हे उघड दिसतं. दरबाऱ्यांच्या कोट्या आज कुणाच्या लक्षात नाहीत. विणकर मात्र सगळ्यांना आठवतो. तरी त्या नाटकात हसण्याचा हक्क वरच्यांचाच राहिला आणि खालच्यांनी धडपडावं ही वाटणीही तशीच राहिली. या दृश्याची लोकप्रियता अशी की इंग्रज नटांच्या फिरत्या मंडळींबरोबर ते जर्मनीत गेलं आणि सतराव्या शतकात आंद्रेआस ग्रिफिउसनं पीटर क्विन्सचा ‘पेटर स्क्वेंट्स’ करून त्यावर स्वतंत्र प्रहसन लिहिलं.

पुढची दोनअडीचशे वर्षं इंग्रजी रंगभूमीनं फसणाऱ्या नाटकाचा उपयोग मुख्यतः नाटककारांना चिमटे काढण्यासाठी केला. १६७१ मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकचं ‘द रिहर्सल’ आलं, त्यात ड्रायडनची खिल्ली होती. १७७९ मध्ये शेरिडनचं ‘द क्रिटिक’ आलं, त्यात स्पॅनिश आरमारावरची एक भपकेबाज शोकांतिका तालमीतच कोसळते. ही नाटकं हुशार आहेत, पण त्यांतले नट आणि लेखक धंद्यातलेच आहेत. कारागीर तिथं नाहीत.

ते परत आले विसाव्या शतकात. तोवर इंग्लंडभर हौशी मंडळांचं जाळं पसरलं होतं. बँकेतले कारकून, शिक्षक, गृहिणी, गिरणीतले मुकादम चर्चच्या सभागृहात वर्षातून दोनदा पडदा वर करत होते. लंडनच्या ईलिंग भागात १९२९ साली क्वेस्टर्स नावाचं हौशी थिएटर सुरू झालं. तिथंच रमलेल्या मायकेल ग्रीन या पत्रकारानं १९६४ मध्ये ‘द आर्ट ऑफ कोअर्स अ‍ॅक्टिंग’ हे पुस्तक लिहिलं. न उघडणारं दार, वेळेवर न सुटणारी बंदूक, संवाद विसरल्यावर दुसऱ्याच अंकातलं वाक्य टाकणारा नट, या सगळ्याची त्यानं आतल्या माणसाच्या मायेनं नोंद केली. पुढं त्यानं मुद्दाम फसणारी छोटी नाटकंही लिहिली आणि ती एडिंबरोच्या महोत्सवात गाजली. तिथंच १९७६ मध्ये डेव्हिड मॅकगिलिव्हरे आणि वॉल्टर झर्लिन यांनी फार्नडेल अव्हेन्यू वसाहतीच्या महिला मंडळाचं काल्पनिक नाट्यपथक उभं केलं. या पथकानं ‘मॅकबेथ’पासून रहस्यनाट्यापर्यंत काहीही करायला घेतलं तरी त्याचा चिखल होणार हे ठरलेलं. ग्रीनचं वैशिष्ट्य असं की तो हौशींवर हसतो तेव्हा हौशींच्याच रांगेत बसलेला असतो. हा फरक मोठा आहे, आणि तो पुरता दिसला तो लंडनमध्ये नव्हे, कोकणातल्या मालवणी बोलीत.

कोकणात नाटक हे करमणुकीचं एक साधन एवढंच कधी नव्हतं. कार्तिकात पिकं घरात आली की देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की दशावतार. मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर, खानोलकर, आरोलकर अशी घराण्यांची नावं लावणारी मंडळं एका देवळातून दुसऱ्या देवळात रात्री काढतात. पेटी, पखवाज, झांज; नेपथ्य म्हणून एक बाक; मागं पडदा असला तर असला. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर यांचा आडदशावतार, मग उजाडेपर्यंत पुराणातलं आख्यान. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, कोण कधी आत-बाहेर करणार ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. रंगभूषा ज्याची त्यानं करायची. स्त्रीपार्टी पुरुष असतात आणि त्यांतल्या काहींची नावं पिढ्यान्पिढ्या घेतली जातात. महाराष्ट्राचं नाटक सुरू झालं तेही अशाच खेळांच्या शेजारून. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजानं केलेल्या सूचनेवरून.

दशावतारी नट कसलेला असतो, तो फसत नाही. फसायची ती गावातल्या इतरांची नाटकं. दशावतार पाहून आणि मुंबईत संगीत नाटकं ऐकून गावागावांत हौशी मंडळं उभी राहिली. ती चालवायचे कोण, तर चाकरमानी.

मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाली. त्यानंतरच्या शतकभरात रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे तेव्हाच्या अखंड जिल्ह्यातून, माणसांची रांग परळ, लालबाग, शिवडी, डिलाईल रोडकडं लागली. एका गावची माणसं मिळून एक खोली घेत. दिवसपाळीवाला कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला झोपे. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात आठ-दहा तास काढून आलेली ही माणसं संध्याकाळी त्याच खोलीत भजनाला बसत, नमन-खेळे बसवत आणि नाटकाच्या तालमी करत. परळचा दामोदर हॉल १९२२ पासून त्यांच्यासाठीच उभा होता. सोशल सर्व्हिस लीगनं तो कामगारांसाठी चालवला. स्वातंत्र्यानंतर कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा आल्या, १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा आली. हे सगळं धरलं तर मुंबईचा गिरणगाव हा हौशी नटांचा केवढा मोठा तळ होता याची कल्पना येते. बॉटम विणकर एका राजासाठी एकदा नाटक करतो. इथं साचेवाले वर्षानुवर्षं करत होते.

गणपतीला, शिमग्याला किंवा जत्रेला चाकरमानी गावी निघत. भाऊच्या धक्क्यावरून बोट, पुढं एसटी, त्याच्याही पुढं पायवाट. सोबत ट्रंकेत भाड्यानं आणलेले कपडे, टोप, दाढीमिशा. नाटक बहुधा पौराणिक किंवा ऐतिहासिक, कारण त्यात पात्रं भरपूर आणि प्रत्येकाला एक तरी भूमिका देता येते. गावकऱ्यांच्या मानापानाचा हा भाग दिग्दर्शकापेक्षाही ताकदवान. सरपंचाच्या पुतण्याला अर्जुन द्यावा लागतो, वर्गणी जास्त देणाऱ्याचा मुलगा निदान सैनिक तरी होतो. मुंबईच्या खोलीत पाठ केलेला धर्मराज आणि गावात पाठ केलेला भीम पहिल्यांदा समोरासमोर येतात ते रंगीत तालमीत. स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून नटी आणायची तर ती प्रयोगाच्या दिवशी पोचते. पेट्रोमॅक्सची बत्ती मध्येच भसकते, माडाच्या झापांच्या मंडपातून पाणी गळतं. संवाद गेला की नट विंगेकडं बघतो आणि प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेलाही ऐकू येतो.

आणि प्रेक्षक? सगळे ओळखीचे. दुर्योधन कोण आहे हे त्यांना माहीत असतं, त्याचं घरचं नाव, त्याचं कर्ज, त्याचं शेजाऱ्याशी चाललेलं बांधाचं भांडण, सगळं माहीत असतं. महाभारतही त्यांना पाठ असतं. कौरवसभेत पुढं काय होणार हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच, ते झालं नाही तर, गंमत कळते. पिरॅमस-थिस्बीच्या बाबतीतही हेच होतं. चूक दिसायची तर बरोबर काय ते सगळ्यांना आधी ठाऊक असावं लागतं, आणि मराठी माणसाला द्रौपदी वस्त्रहरणाइतका ठाऊक प्रसंग दुसरा कोणता असेल?

गंगाराम गवाणकर हे राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. मुंबईत शिकले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, नोकरी केली टेलिफोन खात्यात. गावच्या नाटकाची ही सगळी धांदल त्यांनी रंगमंचावर आणली. त्या लेखनाचं मूळ नाव होतं ‘आज काय नाटक होवचा नाय’. त्यातूनच उभं राहिलं ‘वस्त्रहरण’. १९८० च्या फेब्रुवारीत ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्यातला तात्या सरपंच साकारला मच्छिंद्र कांबळींनी. कोकणातलं एक गाव महाभारतातला वस्त्रहरणाचा प्रसंग करायचं ठरवतं. आधी ठरवाठरवी, भांडणं, तालीम. मग प्रत्यक्ष प्रयोग, ज्यात पुराणातले राजे अस्सल मालवणीत एकमेकांचा उद्धार करतात आणि तरीही नाटक पुढं रेटतात.

सुरुवातीला प्रेक्षक थोडे होते. मालवणीतलं सबंध नाटक चालेल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. तोवर मराठी नाटकात मालवणी बोलायचा तो ‘रामा’, घरगडी. दोन वाक्यं बोलून हशा घ्यायचा आणि चहाचा ट्रे घेऊन आत जायचा. पु. ल. देशपांडे ‘वस्त्रहरण’ पाहायला आले, हसून हसून दमले आणि त्यांनी या नाटकाला अगदी मोकळी दाद दिली. ती दाद षटकर्णी झाली, आणि मग थिएटरबाहेर ‘हाउसफुल्ल’चे फलक लागू लागले. नाटकानं पाच हजारांहून जास्त प्रयोग केले. लंडनलाही ते जाऊन आलं. त्या प्रवासाची सगळी कहाणी गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’ या पुस्तकात सांगितली आहे.

या यशाचं कारण बोलीची गंमत आणि कांबळींची अफाट वेळसाधना एवढंच देऊन थांबणं अन्यायाचं होईल. तात्या सरपंच मंचावर उभा राहिला तेव्हा रामा गडी सरपंच झाला होता. सगळा मंचच त्याच्या बोलीत बोलत होता. आणि समोर बसला होता तो गिरणगावातला, गिरगावातला, उपनगरातल्या चाळींतला कोकणी माणूस, ज्यानं स्वतः कधीतरी गावी भीम केला होता किंवा विंगेत उभं राहून वही धरली होती. थीसिअसच्या दरबारात राजे विणकरांवर हसले. इथं साचेवाले स्वतःच्याच नाटकावर हसत होते, तिकीट काढून, बायकामुलांसह. चारशे वर्षांत हसण्याचा हक्क दरबारातून उठून मजुराच्या घरी आला होता, आणि ज्यांना फसलेल्या नाटकाचा इतिहास केवळ विनोदाचा इतिहास वाटतो त्यांनी या बदलाकडं नीट पाहावं.

हे लक्षात घेतलं की १९८२ हे सालही मनात येतं. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं कामावरून बाहेर आली आणि बहुतेकांसाठी तो दरवाजा परत उघडलाच नाही. खोल्या सुटल्या, अनेक जण गावी परतले, मंडळं विस्कळित झाली. त्याच वर्षी कांबळींनी स्वतःची ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ सुरू केली, तिला नाव दिलं मालवणजवळच्या आपल्या रेवंडी गावच्या देवीचं. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘केला तुका नि झाला माका’ अशी मालवणी नाटकं एकामागून एक येत राहिली. ज्या जगातून ही नाटकं जन्मली ते जग मुंबईत मोडत होतं तेव्हाच त्याची भाषा मुंबईच्या मंचावर सगळ्यांत मोठ्यानं ऐकू येत होती.

हौशी नाटकाची एक काळोखी बाजूही मराठी रंगभूमीनंच दाखवली, तीही आधी. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये मुंबईची एक हौशी मंडळी प्रयोगासाठी एका गावात येऊन थांबते. रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ घालवायला गंमत म्हणून खोटा खटला भरवतात आणि तो लीला बेणारेवर खरा होऊन कोसळतो. १९६७ मध्ये ‘रंगायन’नं, अरविंद देशपांड्यांच्या दिग्दर्शनाखाली, सुलभा देशपांडे यांच्या बेणारेसह ते केलं. साहित्य तेच आहे: सुशिक्षित हौशी, तालीम, रिकामा वेळ, मानापमान. नाटकाच्या आडून माणसं काय काय बोलून घेतात हे गवाणकरांना जितकं माहीत होतं तितकंच तेंडुलकरांनाही. एकाच्या हाती ते हसू झालं, दुसऱ्याच्या हाती जखम.

कौरवसभा कोसळण्याचा मोह सिनेमालाही आवरला नाही. १९८३ च्या कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारो’च्या शेवटी एक प्रेत द्रौपदीच्या साडीत महाभारताच्या प्रयोगात पोचतं, आणि ते वाचवायला निघालेले, पळवायला निघालेले, सगळे मंचावर घुसतात. तिथले नट हौशी नाहीत, पण ठाऊक गोष्ट ठाऊक रस्ता सोडून धावू लागली की काय होतं याचा तो उत्तम नमुना आहे.

एवढं फसणं जमवायला मात्र फार शिस्त लागते. मायकेल फ्रेननं १९७० मध्ये स्वतःचंच एक प्रहसन विंगेतून पाहिलं. पुढून दिसतं त्याहून मागून दिसतं ते जास्त गमतीदार आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्यातून १९८२ मध्ये ‘नॉइजेस ऑफ’ आलं. त्याच्या दुसऱ्या अंकात सगळं नेपथ्य उलटं फिरवतात आणि प्रेक्षक विंगेच्या बाजूला येतो. पुढं नाटक चालू असल्यामुळं मागच्यांना आवाज करता येत नाही, म्हणून भांडणं, मत्सर, मारामाऱ्या सगळं मुक्यानं चालतं, आणि प्रत्येकाला आपल्या वाक्याला दारातून वेळेवर आत जायचंच असतं.

लंडनच्या मिस्चिफ मंडळीनं २०१२ मध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावरच्या चिमुकल्या थिएटरात सुरू केलेलं ‘द प्ले दॅट गोज राँग’ याच वाटेचं. एका कॉलेजची हौशी मंडळी खुनाचं रहस्यनाट्य करतेय. दार उघडत नाही, मेलेल्याच्या हातावर पाय पडतो, एक नट चुकीचं वाक्य बोलतो आणि त्यामुळं आधीचाच प्रवेश पुन्हा पुन्हा फिरत राहतो. शेवटी वरचा मजला हळूहळू कलत जातो आणि त्यावरचे नट घसरत घसरतही संवाद सोडत नाहीत. २०१५ मध्ये त्याला ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ते ब्रॉडवेवर गेलं तेव्हा टोनी पुरस्कार मिळाला तो नायजेल हूकच्या नेपथ्याला, म्हणजे त्या कोसळणाऱ्या भिंतींना. ती भिंत दर रात्री ठरल्या क्षणी, ठरल्या जागी पडावी लागते. वीतभर इकडंतिकडं झालं तर खालचा नट खरोखरच जखमी होईल. ‘वस्त्रहरण’मध्ये भिंती पडत नव्हत्या, तिथं वेळ सांभाळायची ती संवादांची. कांबळी प्रयोगागणिक नवं काही जोडत, प्रेक्षकांचा अंदाज घेत, पण दुसऱ्याचं वाक्य कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं हे दशावतारी नटाच्या कानानंच त्यांना कळत होतं.

कांबळी २००७ च्या सप्टेंबरअखेर गेले. २०१६ मध्ये ठाण्याला शहाण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी गवाणकर होते. गावच्या फसलेल्या प्रयोगाचा लेखक संमेलनाच्या मुख्य मंचावर बसला याचं कोकणात अप्रूप होतं आणि ते रास्तच होतं. व्यावसायिक रंगभूमीवर गाजलेलं ‘वस्त्रहरण’ आता हौशी मंडळंही करतात. गावातली खरी हौशी माणसं गावातल्या हौशी माणसांची भूमिका करतात. अशा प्रयोगात संवाद खरोखर विसरला गेला, तर समोरच्या गर्दीला तो लिहिलेलाच वाटतो आणि टाळ्या पडतात. त्या रात्री सगळ्यांत अवघड काम असतं ते वही धरून विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरचं, कारण कोणत्या चुकीला आवाज द्यायचा आणि कोणती तशीच सोडायची, हे त्यालाच ठरवावं लागतं.